लोखंडकाका जेवणाच्या सुट्टीत कुठे गेले

१

ज्या पत्राला मी उत्तर दिलं नाही ते अगदी लहान होतं. लांबलचक असतं तर बरं झालं असतं. लांब पत्रात कुठेतरी हवापाणी असतं, कुणाची तरी गुडघेदुखी असते, उत्तराची सुरुवात करायला काहीतरी हाताला लागतं. या पत्रात तसं काहीच नव्हतं.

"ऐकतो की काका पुन्हा उभे राहणार आहेत. मी काय करावं ते लिहून पाठवा. आजवर तुम्हीच लिहीत आलात."

काका म्हणजे लोखंडकाका. आमच्या जुन्या मालिकेतला यंत्रमानव. कागदावर त्याचं नाव 'यंत्र नऊ' असं भारदस्त होतं, पण पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं लोखंडकाका केलं आणि पुढे आम्हीही तेच म्हणू लागलो. पिंपाएवढं डोकं, त्यात दोन दिवे, छातीवर फिरणारी चकती. आधी शिट्टी, मग वाक्य, मग पुन्हा शिट्टी. वाक्यं मी लिहायचो. ती बोलायचा तो माणूस या पत्र्याच्या आत उभा असे आणि त्याचा चेहरा प्रेक्षकांनी कधीच पाहिला नाही. आम्ही त्यांना 'आतले' म्हणायचो. "आतले जेवले का?" "आतल्यांना पंखा द्या." पत्र त्यांचंच होतं. आता ते पुलापलीकडे पुतणीकडे राहतात. इतकी वर्षं पत्र्याच्या आवाजात काढल्यामुळे ऐकू कमी येतं, त्यामुळे फोन उचलत नाहीत.

मी उत्तर लिहायला बसलो. 'या' लिहिलं तर हुकूम वाटला. 'येऊ नका' हा तर दुष्टपणा. 'तुमची इच्छा' लिहून पाहिलं, त्यात पळपुटेपणाचा वास आला. शेवटी पत्र हरवू नये म्हणून शब्दकोशात ठेवलं आणि त्या दिवसापासून शब्दकोश उघडायचं टाळू लागलो. अडलेला शब्द मी शेजाऱ्यांना विचारतो हे आमच्या सुनेच्याही लक्षात आलं.

आणि मग एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, काकांचं डोकं नाहीसं झालं.

२

हे कुठे आणि कसं घडलं ते सांगायला हवं.

आमच्या मालिकेवर एक तरुण दिग्दर्शिका खोटा माहितीपट करत होती. खोटा अशासाठी की त्यात लोखंडकाका हे खरेखुरे निवृत्त नट आहेत असं धरून चाललं होतं. कधीकाळचा गाजलेला कलावंत, आता विस्मृतीत, थोडा गंजलेला, स्वभावाने तिरसट. त्यांच्या आठवणी सांगायला आम्ही जुनी माणसं होतोच. सगळं गंभीर चेहऱ्याने बोलायचं आणि हसायचं प्रेक्षकांनी, अशी कल्पना होती.

सुतारमामांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, "मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. पत्रा होते तेव्हापासून."

रंगभूषा करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "त्यांची कातडी फार नाजूक. दमट हवा सोसत नाही. मी लिंबू चोळायचे."

आणि आमचे ध्वनिवाले, ज्यांना सगळे कानसेन म्हणतात, ते म्हणाले, "रागावले की शिट्टी लांब वाजायची. पण मनात काही ठेवायचे नाहीत. मनच नव्हतं."

मला चरित्रकार म्हणून बसवलं होतं. मी दोनदा घसा खाकरला आणि पाणी मागितलं. दिग्दर्शिकेने ते तसंच ठेवलं. म्हणाली, "सर, याहून चांगलं तुम्हाला लिहिता आलं नसतं." तिने हे कौतुकाने म्हटलं असावं.

सेटवर तिचा एक कडक नियम होता. लोखंडकाका वस्तू नाहीत, माणूस आहेत. त्यांना 'डबा', 'सांगाडा', 'ते यंत्र' म्हणायचं नाही. येताना नमस्कार, जाताना "येतो काका". बसायला खुर्ची. नियम मोडेल त्याने सगळ्यांना चहा करून द्यायचा. पहिल्या दिवशी चहा सतत मिळत होता, नंतर कमी झाला. फाटकावरचा रखवालदारही काका आले की टोपीला हात लावायचा. चित्रपटात काकांच्या घरच्या आयुष्याचाही भाग होता. त्यासाठी मावशींनी तपकिरी स्वेटर विणला होता. डोकं लोखंडाचं आणि अंगात स्वेटर, असे काका फाटकाबाहेर फिरायला जाताना आणि टपरीवर पेपर वाचताना आधीच चित्रित झाले होते.

त्या सोमवारी काकांच्या जुन्या चाहत्यांचा प्रसंग होता. बरीच वयस्कर मंडळी बोलावली होती. गर्दी म्हटलं की मी खांबामागे असतो, त्यामुळे मी कुणालाच नीट पाहिलं नाही. प्रसंग झाला, जेवणाची सुट्टी झाली, सगळे मागच्या अंगणात बसले. परत आल्यावर सामानाच्या खोलीत काकांचं धड खुंट्यावर उभं होतं. मान होती. मानेवर काही नव्हतं.

दिग्दर्शिका खाली बसली. जमिनीवरच.

"शनिवारी स्टुडिओ रिकामा करून द्यायचाय," ती म्हणाली. "शेवटचा प्रसंग राहिलाय. काका दारातून जातात, वळून बघतात आणि संपतं. डोक्याशिवाय कोण वळून बघणार?"

"पोलीस?" नव्या नटाने विचारलं. हा उंच, गोड स्वभावाचा तरुण सध्या आत उभा राहायचा.

"त्यांना काय सांगू? आमच्या ज्येष्ठ कलावंताचं डोकं हरवलंय?"

कुणी हसलं नाही. ती माझ्याकडे वळली.

"सर, तुम्ही रहस्यकथा लिहायचात ना?"

मी म्हणालो की लिहायचो, पण त्यांत गुन्हेगार कोण ते मला आधीच माहीत असे, त्यामुळे तपास सोपा जाई.

"शुक्रवारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "बघा."

३

मी आधी सामानाची खोली बघितली. बघितली म्हणजे दारात उभा राहिलो. काय बघायचं असतं ते मला माझ्या गोष्टींतही नीट ठाऊक नव्हतं.

पण फळीवर काहीतरी होतं. काकांच्या डोळ्यांतले दिवे ज्यावर चालायचे ते सेल, नीट एका रांगेत मांडून ठेवलेले. चोराने सेल काढून ठेवले होते.

मी त्यावर बराच विचार केला. डोकं विकायला नेणारा सेल काढत बसत नाही. उलट दिवे लागले तर भाव जास्त. मोडायला नेणाराही काढत नाही. सेल काढायची एकच वेळ मला आठवली. सेलांचा डबा मानेच्या मागे असे आणि तापला की आत उभ्या माणसाच्या मानेला चटका बसे. म्हणून तालमीच्या वेळी, दिवे नको असत तेव्हा, आम्ही सेल काढून फळीवर ठेवायचो. हे जुन्या मंडळींशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

म्हणजे डोकं नेणारा आमच्यातला होता. आणि त्याला ते कुणाच्या तरी डोक्यावर चढवायचं होतं.

मला एकदम वाईट वाटलं. परका चोर किती सोयीचा असतो.

खाली वाकलो तर फरशीवर पांढरं काहीतरी सांडलेलं दिसलं. बोट लावणार तेवढ्यात मागून केरसुणी आली.

"सरका लेखक, पाय उचला," मावशी म्हणाल्या. "माझीच पावडर. हल्ली हात थरथरतात."

"मावशी, नव्या मुलाला पावडर लागते?"

"छे, त्याला शिंका येतात. तो टोपी घालतो कापडाची."

एवढं बोलून त्या थांबल्या. मग जरा जास्तच जोरात झाडू लागल्या. मान आत सरकायला सोपं जावं म्हणून पत्र्याच्या कडेला पावडर लावायची, ही मावशींची जुनी युक्ती. नव्या मुलाला ती चालत नव्हती. मग ती आज कुणासाठी?

मी विचारायला तोंड उघडलं. मावशींनी सुपलीत पावडर भरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला पूर्वीपासून प्रश्न विचारायची सवय नव्हती. ती सवय चांगली होती."

४

कानसेन त्यांच्या यंत्रापाशी कानांवर हेडफोनचे फुगे लावून बसले होते. मी समोर उभा राहिलो. ते मला बघत होते तरी फुगे काढेनात.

"कानसेन, सुट्टीत कुठे होतात?"

"अंगणात. तुमच्या शेजारी. तुम्ही माझी चटणी खाल्लीत."

हे खरं होतं.

"काही ऐकलंत का?"

त्यांनी फुगे काढून मांडीवर ठेवले. "लेखकराव, माझे कान माझे आहेत आणि तोंडही माझंच आहे. दोन्हींत काही देवाणघेवाण असलीच पाहिजे असं नाही."

"म्हणजे ऐकलंत."

"म्हणजे काहीच नाही. तुम्ही जा सुतारमामांकडे. त्यांच्या मनात बरंच आहे."

सुतारमामांच्या मनात खरोखरच बरंच होतं. ते लाकडाची फळी तासत होते आणि ती कशाचीच नव्हती, नुसतीच तासत होते.

"मास्तर, मला विचारायला आलात ना? या मामाला ही चित्रपटातली थट्टा पसंत नाही, मग यानेच केलं असेल. असंच ना?"

"मी अजून काहीच म्हटलं नाही."

"तुम्ही कधीच म्हणत नाही. तेच तर." त्यांनी रंधा खाली ठेवला. "त्या पोरीने मला सांगितलं, डोक्याच्या आतली गादी बदला. नव्या पोराचं डोकं मोठं, त्याचं कपाळ दुखतं. बरोबर आहे तिचं. मी उघडून बघितलं. गादीला आतल्यांच्या कपाळाचा खड्डा पडलाय. दोन्ही कानशिलांचे पण. असा बसलाय, जसा उशीवर माणूस आत्ताच उठून गेलाय. ती काढून फेकायची आणि नवा स्पंज घालायचा." त्यांनी फळीवरचा भुसा फुंकला. "मला नाही जमलं. दोनदा हत्यार लावलं आणि ठेवून दिलं. तिला सांगितलं, उद्या करतो."

"आणि मग?"

"मग काय. आज संध्याकाळी डोकं घरी न्यायचं मी ठरवलं होतं. गादी हळूच काढून ठेवली असती." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "चोर मीच व्हायचा होतो मास्तर. पण माझ्या आधी कुणीतरी नेलं."

५

मी रात्री झोपलो नाही असं लिहिणं शोभलं असतं, पण झोपलो. सकाळी उठल्यावर मात्र वाटलं की मला हे जमणार नाही, दिग्दर्शिकेला तसं सांगून टाकावं.

ती चाहत्यांच्या प्रसंगाचं चित्रण बघत बसली होती. मला बघून तिने खुर्ची पुढे केली.

"सर, हे बघा, एवढा सुंदर शॉट आणि एका आजोबांनी वाट लावली. इथे काका येतात, उजवीकडे वळतात. आपला मुलगा नेमका अडखळला. आणि कॅमेऱ्याबाहेरून आवाज. ऐका."

मी ऐकलं. टाळ्यांच्या आधीच्या शांततेत एक म्हातारा आवाज, फार मोठा नाही, मास्तर वर्गात चुकलेल्या मुलाला सांगतात तसा: "डावा आधी."

"काय डावा आधी?" ती म्हणाली. "असे वेडे चाहते असतात बघा. प्रत्येक गोष्ट पाठ. कापावं लागणार."

"कोण होते ते?"

"गर्दीतले कुणीतरी. प्रसंग संपल्यावर सगळे गेले."

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. ओळखीचा कसा असणार? मी तो वर्षानुवर्षं ऐकला होता तो कानसेनांच्या पत्र्याच्या नळीतून. पण ते तिला न सांगता मी उठलो. मला फाटकावर जायचं होतं.

रखवालदार स्टुलावर बसून होता. चौकशी झालीच होती त्याची. त्याने परत तेच सांगितलं.

"साहेब, शपथेवर सांगतो. सोमवारी सुट्टीत एक वस्तू या फाटकातून बाहेर गेली नाही. पिशवी नाही, खोकं नाही, पोतं नाही. चाहते मंडळी गेली ती पण हात हलवत."

"आणि माणसं? आपल्यापैकी कोणी?"

"सगळे आत जेवत होते की. मावशी आल्या होत्या दारापर्यंत, त्या परत गेल्या."

"मावशी कशाला आल्या होत्या?"

"काकांना सोडायला."

मी स्टुलाच्या दुसऱ्या टोकावर बसलो. त्याने सरकून जागा दिली.

"कुठल्या काकांना?"

"आपल्या. लोखंडकाकांना." त्याने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. "स्वेटर घालून फिरायला निघाले होते. मी टोपीला हात लावला. त्यांनी पण मान हलवली. नेहमी नाही हलवत."

"हे तू काल कसं नाही सांगितलंस?"

"काल मला विचारलं, कुठली वस्तू बाहेर गेली का. साहेब, बाईंनी सांगितलंय, काका वस्तू नाहीत. मला एकदा सगळ्यांचा चहा करायला लागलाय."

६

आता मला सगळं कळलं होतं. आणि कळल्यावर माझी पहिली इच्छा अशी झाली की कुणाला काही सांगू नये.

पण मला नीट मांडून बघायचं होतं, निदान स्वतःपाशी. मी मावशींच्या खोलीत गेलो. त्या ब्रश धूत होत्या. मी दार लोटून घेतलं, जे मी सहसा करत नाही.

"मावशी, मी बोलतो. चुकलं तर थांबवा."

"बसा तर आधी."

"डोकं चोरीला गेलं नाही. ते चालत गेलं. कुणीतरी घालून गेलं, म्हणून सेल काढले, म्हणून पावडर लागली. खुंटीवर स्वेटर नाही, तोही अंगात गेला. ज्यांना काका माणूस वाटतात त्यांच्याच फाटकातून हे घडू शकतं. दुसरीकडे कुठेही रखवालदाराने शिट्टी फुंकली असती."

मावशी ब्रश पिळत राहिल्या.

"तुम्ही सोडून आपली माणसं सगळी अंगणात. नवा मुलगा माझ्या समोर बसून भात खात होता. म्हणजे डोक्याच्या आत होते ते बाहेरचे. चाहत्यांतले. चाहत्यांपैकी एकाने वळताना डावा पाय आधी टाकायला सांगितलं. मावशी, डोळ्यांची फट उजव्या बाजूला बंद आहे. उजवीकडे वळायचं तर खालची जमीन दिसत नाही. डावा आधी टाकला तरच तोल राहतो. हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही, कितीही वेळा बघितलं तरी. हे आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही."

"झालं?" मावशी म्हणाल्या.

"झालं. कानसेनांनी ते ऐकलं आणि ओळखलं. म्हणून ते गप्प."

"कानसेन म्हातारा चांगला आहे." मावशींनी हात पुसले आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. आरशात त्या पाठमोऱ्या दिसत होत्या. केसांचा अंबाडा सुटायला आला होता. "लेखक, मी त्यांना बोलावलं नव्हतं. ते आपणहून आले. गर्दीत उभे होते. दिग्दर्शिकेने त्यांच्या हातात फलक दिला होता, 'लोखंडकाका, आम्ही तुमचे'. तो धरून उभे. मी बघितलं आणि ओळखलं. नव्यांपैकी कुणी ओळखलं नाही. कसं ओळखणार? चेहराच कुणी बघितलेला नाही."

"मग?"

"सुट्टीत माझ्याकडे आले. हळू बोलतात हल्ली. म्हणाले, एकदा फक्त घालून बघतो. मी म्हटलं, बघा की, तुमचंच आहे. पावडर लावली. सेल त्यांनी स्वतःच काढले. डोकं घातलं आणि काय सांगू तुम्हाला, पाठ सरळ झाली. मी म्हटलं, बरं वाटतंय? ते बोलेनात. मी म्हटलं, आता काढा, मंडळी येतील. तर दोन्ही हातांनी धरून बसले. आतून हुंदका आला. पत्र्यात तो कसा घुमतो माहितीये तुम्हाला?"

मी मान हलवली.

"मला त्या अवस्थेत त्यांना बाहेर काढवेना. म्हटलं, तसेच घरी जा. इथे काकांना कोण अडवणार? स्वेटर चढवला आणि फाटकापर्यंत सोडलं. मी काय करायला हवं होतं?"

"तुम्ही केलंत तेच," मी म्हणालो. माझ्या तोंडून इतकं ठाम वाक्य निघालेलं ऐकून आम्ही दोघेही जरा दचकलो.

"काल संध्याकाळी जाऊन आले त्यांच्याकडे," मावशी म्हणाल्या. "डोकं पलंगावर ठेवलंय आणि आपण खुर्चीत बसलेत. पुतणी म्हणते, आल्यापासून दोनदा घातलं आणि व्हरांड्यात चालले. म्हणाले, सोसतंय का बघतोय. मान सोसते, दम पुरत नाही. चहाला उकळी येईपर्यंत पुरतो. तेवढ्यात भागत असेल तर विचारणार होते. पण कुणाला विचारायचं ते कळेना."

"मला विचारलं होतं त्यांनी."

"तुम्हाला?"

"पत्राने. पंधरवड्यापूर्वी. मी काय करू ते लिहून पाठवा म्हणाले."

मावशींनी मला ओरडायला हवं होतं. त्याऐवजी त्यांनी उठून माझ्या सदऱ्याच्या खांद्यावरची पावडर झटकली.

"आता ते लाजेने अर्धे झालेत," त्या म्हणाल्या. "नेलं तेव्हा अंगात धीर होता. परत कसं आणायचं ते सुचत नाही. आणि आपल्यापैकी कुणी दारात जाऊन उभं राहिलं ना, तर त्यांना वाटेल चोर पकडायला आले. परत कधी तोंड दाखवणार नाहीत. लेखक, हे नीट झालं पाहिजे."

७

दिग्दर्शिकेला मी सगळं सांगितलं. मावशी सोबत होत्या, कानसेन आणि सुतारमामा दारात. नवा नट खिडकीत बसला होता. सांगताना मी मध्येच दोनदा "म्हणजे असं मला वाटतं" म्हणालो आणि दोन्ही वेळा कानसेनांनी मागून "वाटत नाही, आहे" असं म्हटलं.

दिग्दर्शिकेने खुर्ची वळवली. तिच्या पुढ्यातल्या पडद्यावर 'डावा आधी'चा शॉट थांबवलेला होता. कडेला एक फलक अर्धा दिसत होता आणि तो धरणारा हात.

"माझ्या अख्ख्या चित्रपटाची गंमत ही आहे की आत कुणीच नाही," ती म्हणाली.

"हो."

"आणि ते इथे, या खोलीत, माझ्यासमोर उभे होते. आणि मी त्यांना फलक धरायला दिला."

"तुला काय माहीत, पोरी," सुतारमामा म्हणाले. परवापर्यंत ते तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

"शेवटचा प्रसंग त्यांना झेपेल?"

"चहाला उकळी येईपर्यंत," मावशी म्हणाल्या.

"दारापर्यंत जायचं, वळायचं, बाहेर पडायचं." तिने मनात चालून बघितलं असावं, कारण तिचा पाय टेबलाखाली हलला. "झेपेल. पडले तर?"

"दाराच्या दोन्ही बाजूंना आम्ही आहोत की," सुतारमामा म्हणाले. "चौकटीला आधार बसवतो. दिसणार नाही असा."

तिने नव्या नटाकडे बघितलं. त्याने हात वर केले. "मला कशाला विचारता? आत किती उकडतं तुम्हाला कल्पना नाही. मी त्यांना पाणी देईन." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तो डावा पाय मला शिकवतील का? पुढे कुणी विचारलं तर."

"शेवटी ते डोकं काढतील?" दिग्दर्शिकेने मला विचारलं. "कॅमेऱ्यासमोर? म्हणजे लोकांना दिसेल."

मी विचार केला. एवढी वर्षं त्यांच्या तोंडी मी वाक्यं घालत आलो. शिट्टी कुठे, थांबायचं कुठे, सगळं मी ठरवलं. त्यांनी एकदाही बदल मागितला नव्हता.

"ते मी नाही लिहिणार," मी म्हणालो. "तेवढं त्यांच्यावर सोडू. काढलं तर काढलं. नाही तर नाही. तुम्ही कॅमेरा चालू ठेवा."

"दोन्ही चालेल," ती म्हणाली. तिने डोळे पुसले आणि कुणाला दिसू नये म्हणून चष्माही पुसला. "मग त्यांना आणायला कोण जातंय?"

"कुणी नाही," मावशी म्हणाल्या आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"त्यांनी पत्राने विचारलंय," मी म्हणालो. "उत्तर पत्रानेच जायला हवं."

मी घरी आलो. शब्दकोश उघडला, पत्र काढून समोर ठेवलं. सुनेने चहा आणून ठेवला आणि काही न विचारता गेली. पहिला मजकूर पानभर झाला, त्यात मी इतक्या वेळा क्षमा मागितली की वाचणाऱ्याला दम लागला असता. दुसऱ्यात गादीबद्दल लिहिलं, मामांनी ती तशीच ठेवलीय म्हणून, आणि ते वाचून मलाच गहिवरून आलं, म्हणून तोही फाडला. तिसऱ्यात मी चोरीचा उल्लेख न करता चोरी माफ करायचा प्रयत्न केला. ते कुणालाच जमत नसावं.

मग मला वाटलं, मालिकेत मी त्यांच्यासाठी कसं लिहायचो? थोडकं. पत्र्याच्या आत लांब वाक्य बोलता येत नाही. आणि ऐकूही येत नाही.

"शुक्रवारी सकाळी या. शेवटचा प्रसंग तुमचा आहे. येताना डोकं घेऊन या, बाकीचे तुम्ही इथेच खुंट्यावर आहात. सगळे वाट बघतायत. उत्तराला उशीर झाला."

खाली सही केली. पुन्हा वाचलं. 'घेऊन या' हुकमासारखं वाटतंय का असं मनात आलं. तेवढ्यात पाकीट चिकटवून टाकलं, म्हणजे उघडता येऊ नये.

टपालपेटी कोपऱ्यावर, औषधाच्या दुकानाला लागून आहे. पेटी उघडायला माणूस येण्याआधी मी पोहोचलो. पाकीट फटीत धरलं आणि माझ्या नेहमीच्या सवयीने धरूनच राहिलो. मागे एक बाई हातात तीन लिफाफे घेऊन उभ्या होत्या.

"आजोबा, टाकताय ना?" त्या म्हणाल्या.

"टाकतो," मी म्हणालो आणि सोडलं.